डॉ. रखमाबाई आणि पदराखालचं दुखणं

तळेघरच्या बाजूला बाई दवाखान्यात आली आणि छातीत दुखतंय म्हणाली, की लगेच हृदयाकडे धावू नये. आधी विचारावं, आत दुखतंय की वर? खोलीत पुरुषमाणसं असतील तर ती उत्तर देत नाही, नुसती खाली बघते. मग बिचारा डॉक्टर रक्तदाब मोजतो, ईसीजी काढायला सांगतो. ईसीजी चांगला येतो. बाई आम्लपित्ताच्या गोळ्या घेऊन एसटीची वाट बघत उभी राहते आणि खरं दुखणं पदराखाली जसं होतं तसंच घरी परत जातं. दुखत असतं ते स्तन, बहुतेकदा स्तनाचं बोंड. कधी त्यातून काही पाझरत असतं आणि पोलक्याला डाग पडत असतात. हे सांगायला तिच्याकडे शब्द नाहीत असं नाही. थान, बोंड, पान्हा हे शब्द तिचे रोजचेच आहेत. पण ते गोठ्यातल्या गाईबद्दल मोठ्यानं बोलायचे, स्वतःबद्दल नाही.

भीमाशंकरच्या वाटेवरचं हे आंबेगाव तालुक्यातलं गाव केवळ उदाहरण म्हणून घेतलं. भाताची आवणी आली की चिखलात दिवस जातो, उन्हाळ्यात हिरडा गोळा करायचा असतो, दवाखान्याला वेळ काढणं म्हणजे रोजगार बुडवणं. म्हणून तिथलं दुखणं अंगावर काढलं जातं हे समजू शकतं. पण पुण्यात, दवाखान्याच्या समोरच्या इमारतीत राहणाऱ्या, चांगल्या शिकलेल्या बायकासुद्धा सहा-सहा महिने थांबतात, तेव्हा अडचण अंतराची नाही हे कळतं. अडचण कुणासमोर उघडं व्हायचं ही आहे.

हीच अडचण ओळखून बाईच्या दवाखान्यात बाईच डॉक्टर असावी यासाठी ज्यांनी पस्तीस वर्षं नोकरी केली, त्या डॉ. रखमाबाईंची ओळख आपल्याला बहुधा एका खटल्यापुरतीच असते. खटला गाजला हे खरं. पण खटला तीन-चार वर्षांचा होता आणि डॉक्टरकी पस्तीस वर्षांची.

रखमाबाईंचा जन्म २२ नोव्हेंबर १८६४ रोजी मुंबईत झाला. आईचं नाव जयंतीबाई, वडील जनार्दन पांडुरंग. घराणं सुतार समाजातलं. वडील गेले तेव्हा मुलगी जेमतेम दोन वर्षांची होती, आणि आईचंही वय फक्त सतरा. या समाजात विधवेला पुन्हा लग्न करायची मुभा होती. काही वर्षांनी जयंतीबाईंनी डॉ. सखाराम अर्जुन राऊत यांच्याशी लग्न केलं, आणि त्या लग्नानं रखमाबाईंचं आयुष्य घडवलं असं म्हणायला हरकत नाही.

सखाराम अर्जुन हे वेगळंच प्रकरण होतं. ग्रँट मेडिकल कॉलेजात ते वनस्पतिशास्त्र शिकवत, मुंबईच्या बाजारात मिळणाऱ्या औषधींवर त्यांनी पुस्तक लिहिलं, आणि १८८३ मध्ये बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी स्थापन करणाऱ्या मोजक्या लोकांत ते होते. घरात शरीराबद्दल, औषधांबद्दल बोलणं हे संकोचाचं नव्हे तर अभ्यासाचं होतं. अशा घरातली मुलगीही रूढीप्रमाणे अकराव्या वर्षी बोहल्यावर चढलीच. नवरा दादाजी भिकाजी, वय एकोणीस. लग्न झालं, पण ती माहेरीच राहिली. जावई सासरेबुवांच्या आधारानं शिकेल, काही बनेल असं ठरलं होतं. तो शिकला नाही. मुलगी मात्र घरीच पुस्तकं मिळवून वाचत राहिली.

१८८४ मध्ये दादाजींनी वकिलामार्फत नोटीस दिली आणि बायकोनं नांदायला यावं म्हणून मुंबई उच्च न्यायालयात दावा लावला. रखमाबाईंनी नकार दिला. नवऱ्याची गरिबी, त्याचं आजारपण आणि ज्या नातेवाइकाच्या घरात जाऊन राहायचं त्याचं वागणं अशी कारणं बचावात मांडली गेली. त्यांच्या मनात मूळ मुद्दा याहून सरळ होता: ज्या लग्नाला आपली संमती विचारली गेली नाही ते आपल्यावर बंधनकारक कसं? सप्टेंबर १८८५ मध्ये न्या. पिन्हे यांनी निकाल रखमाबाईंच्या बाजूनं दिला. अपिलात तो टिकला नाही, खटला पुन्हा चालला आणि मार्च १८८७ मध्ये न्या. फॅरन यांनी नवऱ्याकडे जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात जा असा हुकूम काढला. तुरुंग पत्करेन म्हणून बावीस वर्षांच्या मुलीनं सांगितलं. १८८५ मध्ये टाइम्स ऑफ इंडियात एका हिंदू स्त्रीच्या नावानं बालविवाहावर आलेली पत्रंही तिचीच होती. ज्यांनी हात धरून शिकवलं ते सखाराम अर्जुन त्याच वर्षी एप्रिलमध्ये वारले होते, म्हणजे खटल्याचा मोठा भाग या मुलीनं त्यांच्याविना काढला. टिळकांच्या केसरीनं तिच्यावर टीका केली, इंग्लंडमधल्या वर्तमानपत्रांनी तिची बाजू घेतली. शेवटी १८८८ मध्ये दादाजींनी २००० रुपये घेऊन दावा सोडला. १८९१ मध्ये संमतिवयाचा कायदा होऊन मुलीचं वय १० वरून १२ वर गेलं, त्यामागच्या वादळात या खटल्याचा वाटा मोठा होता. कायद्याचा हा इतिहास इतरत्र भरपूर लिहिला गेलाय, म्हणून इथे पुढे जाऊ.

या काळात त्यांच्या पाठीशी एक इंग्रज डॉक्टरीणबाई उभ्या होत्या, एडिथ पीची. एडिंबरा विद्यापीठात वैद्यकाला प्रवेश मिळवण्यासाठी १८६९ मध्ये सात मुलींनी जी झुंज दिली, त्यातल्या या एक. १८८३ च्या अखेरीस त्या मुंबईत आल्या आणि बायकांसाठी बांधलेल्या कामा रुग्णालयाच्या प्रमुख झाल्या. १८८६ मध्ये सुरू झालेलं हे रुग्णालय त्या काळातलं नवलच होतं: रोगी बायका आणि डॉक्टरही बायकाच. आज आपण महिला डॉक्टर आहेत का असं सहज विचारतो. तेव्हा या प्रश्नाला हो असं उत्तर देणाऱ्या जागा देशात बोटांवर मोजण्याइतक्या होत्या. व्हाइसरॉयच्या पत्नी लेडी डफरिन यांनी १८८५ मध्ये जो निधी उभारला तोही याच कामासाठी, म्हणजे हिंदुस्थानातल्या बायकांना बाई डॉक्टर मिळाव्यात म्हणून. आपल्या आनंदीबाई जोशी १८८६ मध्ये अमेरिकेतून डॉक्टर होऊन आल्या, पण क्षयानं त्यांना २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात गाठलं. रोगी तपासण्याची संधीच मिळाली नाही. रखमाबाईंच्या विरुद्धचा निकाल लागला तो त्यानंतर आठवडाभराच्या आतच. हे दोन प्रसंग इतके जवळ आहेत याकडे सहसा लक्ष जात नाही.

पीचीबाईंच्या प्रोत्साहनानं आणि जमवलेल्या पैशांवर रखमाबाई १८८९ मध्ये लंडनला गेल्या. तिथल्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयात शिकल्या, रॉयल फ्री रुग्णालयात रोगी पाहिले. १८९४ पर्यंत परीक्षा पुऱ्या करून, एम.डी. होऊन त्या परतल्या. काही दिवस कामा रुग्णालयात काढले आणि १८९५ मध्ये सुरतेच्या स्त्रियांच्या रुग्णालयाचा कारभार हाती घेतला. तिथे त्या वीस वर्षांहून अधिक काळ राहिल्या.

सुरतेत सुरुवातीला बायका यायलाच तयार नव्हत्या. घराबाहेर, परक्या खाटेवर बाळंत व्हायचं म्हणजे अशुभ. एक गोष्ट सांगतात, की रखमाबाईंनी शेवटी एक गाभण शेळी आणून रुग्णालयात ठेवली आणि तिची सुटका तिथे सुखरूप झाली, तेव्हा कुठे बायकांची भीती मोडली. गोष्ट थोडी रंगलेली असेल. पण ज्यानं कुणी खेड्यात दवाखाना थाटलाय, त्याला ती खोटी वाटणार नाही.

बाळंतिणींचा दवाखाना म्हटला की स्तनाग्राच्या तक्रारी आल्याच, त्या काळी आणि आजही. त्यातली सगळ्यात रोजची म्हणजे भेगा. पहिल्या आठवड्यात बाळ पाजताना थोडं हुळहुळतं ते साहजिक आहे, पण पाजायच्या नुसत्या विचारानं बाईच्या डोळ्यांत पाणी येत असेल तर काहीतरी चुकतंय. बहुतेक वेळा चुकतं ते बाळाच्या तोंडाचं. बाळ नुसतं बोंड तोंडात धरून ओढतं, त्यामुळे ते चिरतं आणि दूधही नीट येत नाही. बाळानं तोंड मोठं उघडलं पाहिजे, बोंडाभोवतीचा काळा भाग बराचसा तोंडात गेला पाहिजे, हनुवटी स्तनाला टेकली पाहिजे आणि खालचा ओठ बाहेर वळलेला दिसला पाहिजे. एवढं जमलं की निम्म्या बायकांचं दुखणं दोन-तीन दिवसांत उतरतं. सोडवताना बाळाला ओढू नये. आपलं करंगळीचं टोक त्याच्या तोंडाच्या कोपऱ्यातून आत सरकवावं, म्हणजे पकड सुटते. बोंडाला साबण लावू नये, पाजून झाल्यावर आपल्याच दुधाचा थेंब लावून हवेवर सुकू द्यावं. ही गोष्ट शिकवायला डॉक्टरच लागतो असं नाही, नर्सताई किंवा आशाताई शेजारी बसून दाखवू शकतात. शब्दांत सांगून मात्र फारसं जमत नाही.

भेगा नाहीत, पण पाजून झाल्यावर आतवर आग होते, बोंड गुलाबी चकचकीत दिसतं आणि बाळाच्या तोंडात पांढरे चट्टे आहेत, तर ते बुरशीचं लक्षण असू शकतं. अशा वेळी औषध आई आणि बाळ दोघांना द्यावं लागतं. आणखी एक प्रकार थंड हवेच्या गावांना लागू पडणारा आहे. पावसात भिजल्यावर किंवा गार वारा लागल्यावर बोंड पांढरं पडतं आणि सुईसारखं टोचतं. तिथल्या बारीक रक्तवाहिन्या थंडीनं आवळतात म्हणून असं होतं. ओले कपडे बदलून कोरडं उबदार फडकं ठेवलं की बरं वाटतं. डोंगरातल्या बाईनं हे दुखणं सांगितलं आणि कुणी तिला मनाचे खेळ म्हणून परत पाठवलं, तर चूक तिची नाही.

दूध साकळलं की स्तन दगडासारखा होतो, तांबडा होतो, हुडहुडी भरून ताप येतो. इथे घराघरांत एक मोठी चूक होते: आजारी आईचं दूध बाळाला बाधेल म्हणून पाजणं बंद करतात. उलट पाजत राहायचं असतं. दूध बाळाला बाधत नाही आणि साचून राहिलं तर आईलाच त्रास वाढतो. जोरजोरात चोळू नये, त्यानं सूज वाढते. गार कापडाची घडी ठेवावी, तापाची साधी पॅरासिटामॉलची गोळी चालते. एका दिवसात उतार पडला नाही, ताप वाढला किंवा आत मऊ, हलणारी गाठ लागली तर त्याच दिवशी डॉक्टर गाठावा. कारण आत पू झालेला असू शकतो. रखमाबाईंच्या हयातीतल्या नोकरीत प्रतिजैविकं नव्हती. पेनिसिलिन सर्रास मिळू लागलं ते त्या निवृत्त झाल्यावर. त्यांच्या काळी गळू पिकल्यावर चिरणं हाच मार्ग होता, आणि बाळंतिणीच्या जिवावर बेतू शकायचं. आज बऱ्याचदा सोनोग्राफीत पाहून सुईनं पू काढून घेता येतो, चिरावंही लागत नाही. इतकं सोपं झालेलं असताना बाई दहा दिवस शेक घेत घरी बसते, याचं वाईट वाटतं.

आता बाळाचंच एक दुखणं. नवजात बाळाचे, मुलगा असो वा मुलगी, स्तन कधी सुजलेले दिसतात, थेंबभर दूधही येतं. आईच्या रक्तातल्या संप्रेरकांचा हा उरलेला परिणाम असतो आणि काही आठवड्यांत आपोआप जातो. आपल्याकडे आंघोळ घालणाऱ्या बायका ते दूध काढायलाच हवं म्हणून पिळतात. कृपा करून पिळू देऊ नका. त्यातून जंतू शिरून इवल्याशा जिवाला गळू होतं. आजेसासूला उलट बोलता येत नसेल तर डॉक्टरांनी सांगितलंय म्हणावं, किंवा हे वर्तमानपत्र दाखवावं.

सुरतेतली वर्षं संपल्यावर सरकारी स्त्री-वैद्यकीय सेवेत येण्याचं बोलावणं रखमाबाईंनी नाकारलं आणि त्या राजकोट संस्थानच्या जनाना रुग्णालयात गेल्या. तिथे १९२९ पर्यंत काम केलं. जनाना म्हणजे पडद्यातल्या बायकांचं रुग्णालय. पडद्याचा तोटा काय असतो, हे त्यांच्याइतकं जवळून फार कुणी पाहिलं नसेल. निवृत्त झाल्या त्याच वर्षी पडदा नाहीसा करण्याची गरज मांडणारी पुस्तिका त्यांनी प्रसिद्ध केली, यात नवल नाही. दुसरीकडे, १९०४ मध्ये दादाजी वारले तेव्हा ज्याला नवरा मानायचं नाकारलं होतं त्याच्यासाठी त्यांनी विधवेचं पांढरं लुगडं नेसायला सुरुवात केली. असं का केलं याचा उलगडा करणारे अनेक आहेत. मला वाटतं, रोगी बायकांमध्ये वावरताना हे लुगडं त्यांना सोयीचंही असावं, घरातली बाई त्यांना आपल्यातली मानू शकली असती. पण हा माझा अंदाज झाला.

त्यांनी सुरतेत काम सुरू केलं त्याच १८९५ च्या नोव्हेंबरात जर्मनीत राँटगेन यांना क्ष-किरणांचा शोध लागला. मॅमोग्राफी यायला अजून काही दशकं होती, सोनोग्राफी तर त्याहून पुढची. बाई डॉक्टरकडे होते ते फक्त डोळे, हात आणि प्रश्न विचारायची सवय. गंमत म्हणजे बोंडातून स्राव येत असेल तर आजही पहिली तपासणी तीच आहे. डॉक्टर विचारतात: एका बाजूनं येतो की दोन्ही? एकाच छिद्रातून की अनेक? आपोआप येतो की दाबल्यावरच? रंग कसा? या चार प्रश्नांची उत्तरं बाईनं घरूनच तयार करून आणली तर निम्मं निदान झाल्यात जमा आहे. पांढऱ्या सुती कापडावर टिपून रंग पाहावा, म्हणजे नीट कळतो.

दोन्ही बाजूंनी, अनेक छिद्रांतून दुधासारखं येत असेल तर घाबरायचं कारण कमी. गरोदरपणात चिक येतो. मूल अंगावरून सोडल्यानंतरही वर्षभर, कधी त्याहून जास्त, थोडं दूध येत राहू शकतं, आणि आलं का म्हणून रोज दाबून पाहिलं तर ते थांबतच नाही, कारण दाबण्यानं शरीराला आणखी दूध करायचा निरोप जातो. मूल नाही, गरोदरपण नाही आणि तरी दूध येतंय, तर डॉक्टरांना दाखवावं. काही औषधांनी असं होतं, विशेषतः मळमळ-उलटी आणि पित्तासाठी सर्रास दिली जाणारी डोम्पेरिडोन आणि मानसिक आजारावरची काही औषधं. थायरॉइड कमी पडल्यानंही होतं. मेंदूखालच्या पियूषिका ग्रंथीत लहानशी गाठ झाली तर प्रोलॅक्टिन वाढून दूध येतं, पाळी चुकते, आणि डोकं दुखून नजर अंधुक झाली तर मात्र थांबू नये. या गाठी बहुतेक साध्या असतात आणि बऱ्याचदा गोळ्यांनीच आटोक्यात येतात. तपास म्हणजे सुरुवातीला गरोदरपणाची तपासणी आणि दोन रक्तचाचण्या, याहून जास्त नाही.

चाळिशी-पन्नाशीच्या आसपास घट्ट, हिरवट, करडा किंवा तपकिरी स्राव अनेक छिद्रांतून येतो, तो बहुधा दूधवाहिन्या वयानुसार रुंदावल्यानं. हेही निरुपद्रवी. फक्त तपकिरी किंवा काळपट म्हणजे जुनं रक्त असू शकतं, म्हणून एकदा दाखवून घ्यावं.

डॉक्टर सावध होतात ते वेगळ्या चित्रानं: एकाच बाजूनं, एकाच छिद्रातून, न दाबता आपोआप येणारा, रक्ताचा किंवा पाण्यासारखा स्वच्छ स्राव. यातही बऱ्याचदा दूधवाहिनीतली साधी मोडासारखी वाढच निघते, कर्करोग नव्हे. पण काही बायकांत कर्करोग असतो, आणि दोन्हीतला फरक बाहेरून बघून सांगता येत नाही. मॅमोग्राफी, सोनोग्राफी आणि गरज पडली तर सुईनं तुकडा काढून तपासणी, एवढं करावं लागतं. वय पन्नाशीच्या पुढे असेल, काखेत किंवा स्तनात गाठ लागत असेल, बोंड अलीकडे आत ओढलं गेलं असेल, कातडी संत्र्याच्या सालीसारखी झाली असेल तर आठवडाभराच्या आत. स्राव पुरुषाला येत असेल तरी दाखवायचंच, रंग कुठलाही असो.

एक प्रकार फसवा आहे. बोंडावर खाज, खपली, ओलसर लाली. नायटा किंवा इसब समजून बाई मलम लावत राहते, महिने जातात. लंडनचे शल्यविशारद जेम्स पॅजेट यांनी १८७४ मध्ये सुमारे पंधरा बायकांचं वर्णन लिहिलं, त्यांच्या बोंडावर असाच चट्टा होता आणि वर्ष-दोन वर्षांत प्रत्येकीच्या त्याच स्तनात कर्करोग निघाला. रखमाबाई लंडनला पोहोचल्या तेव्हा या वर्णनाला पंधरा वर्षं झाली होती. साधं इसब बहुधा दोन्ही बाजूंना होतं आणि काळ्या भागापासून सुरू होतं. पॅजेटचा चट्टा एकाच बाजूला, बोंडावरच सुरू होऊन बाहेर पसरतो. दोन-तीन आठवडे मलम लावून बोंडावरचा चट्टा गेला नाही तर कातडीचा छोटा तुकडा तपासायला द्यावा, पुढचं मलम आणू नये.

आणि दुखण्याबद्दल एक उलटी गोष्ट. बायका येतात त्या दुखतं म्हणून, आणि दोन्ही बोंडं पाळीच्या आधी आठवडाभर दुखणं, घट्ट कपड्यानं घासून हुळहुळणं हे बहुतेक वेळा साधंच निघतं. स्तनाच्या कर्करोगाची गाठ मात्र सुरुवातीला सहसा दुखतच नाही. दुखत नव्हती म्हणून दाखवली नाही, हे वाक्य कर्करोगाच्या वॉर्डात फार वेळा ऐकू येतं.

निवृत्तीनंतर रखमाबाई मुंबईत राहिल्या. २५ सप्टेंबर १९५५ रोजी, नव्वदाव्या वर्षी त्या गेल्या. दुसरं लग्न त्यांनी केलं नाही.

आज परिस्थिती किती बदललीय? तीस वर्षांवरच्या प्रत्येक बाईची स्तनाची हातानं तपासणी सरकारी आरोग्य केंद्रात मोफत व्हावी असं धोरण आहे, तोंडाच्या आणि गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या तपासणीसोबत. तळेघरला प्राथमिक आरोग्य केंद्र आहे, पुढे घोडेगावला ग्रामीण रुग्णालय, मंचरला उपजिल्हा रुग्णालय. मॅमोग्राफीसाठी पुण्याला यावं लागलं, तर तिथे ससून आहे. कर्करोगाचं निदान झालंच तर महात्मा फुले जन आरोग्य योजनेत उपचार होतात, म्हणून पैशांच्या भीतीनं थांबू नये. डॉक्टर पुरुष असेल तर तपासताना खोलीत नर्सताई किंवा घरातली बाई असावी असा आग्रह धरता येतो. तो रोग्याचा हक्क आहे, डॉक्टरवर अविश्वास नव्हे. चांगले डॉक्टर न सांगताच नर्सला बोलावतात.

केसपेपर काढताना मात्र छातीत दुखतंय असं लिहू देऊ नका. उजव्या किंवा डाव्या थानाचं बोंड दुखतंय, त्यातून अमुक रंगाचं पाणी येतंय, इतके दिवस झाले, असं सरळ सांगा. तोंडानं सांगायला जड जात असेल तर कागदावर लिहून न्या, लिहिता येत नसेल तर आशाताईला आधी सांगून तिला सोबत घ्या. जाताना घरात चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं पिशवीत टाका, पित्ताचीसुद्धा. शेवटची पाळी कधी आली ती तारीख आठवून ठेवा. आणि तपासणीच्या आधी दोन-चार दिवस दाबून बघायचं बंद करा, म्हणजे स्राव खरोखर आपोआप येतो का, हे डॉक्टरांना आणि तुम्हालाही कळेल.